बेला लुगोसी : न उतरलेला झगा

धारेच्या माणसाला सिंहासनबत्तिशीची गोष्ट सांगावी लागत नाही. भोजराजा आमचाच. रानातल्या एका उंचवट्यावर बसले की साधा गुराखी राजासारखा न्याय बोलू लागे आणि खाली उतरला की पुन्हा गुराखीच होई. भोजाने ती जागा खणविली, तेव्हा आत विक्रमादित्याचे बत्तीस पुतळ्यांचे सिंहासन सापडले. लहानपणी ही कथा ऐकताना आमचे सारे लक्ष सिंहासनाकडे असे. त्या गुराख्याचे पुढे काय झाले, हे विचारावे असे कोणाच्या मनात येत नसे. आज ज्या परदेशी नटाची हकीकत सांगावयाची आहे, तो मला असाच एक गुराखी वाटत आला आहे. त्याचे सिंहासन म्हणजे उंच कॉलरचा एक काळा झगा. फरक एवढाच की, त्याला खाली उतरू दिले गेले नाही.

बेला लुगोसी हे नाव वाचकांपैकी ज्यांना भुताखेतांच्या चित्रपटांचा शौक आहे त्यांना ठाऊक असेलच. मला तो शौक फार जुना. धारेस आजीकडून वेताळपंचविशी ऐकून झोपणाऱ्या पोराला दुसरे काय आवडणार? परंतु आपला वेताळ आणि साहेबाचा व्हँपायर यांत अंतर आहे. आपला वेताळ प्रेतात वस्तीला येतो, राजाच्या खांद्यावर बसून गोष्टी सांगतो, कोडी घालतो. शेवटी राजाचे प्राणही वाचवितो. साहेबाचा व्हँपायर म्हणजे स्वतःच एक प्रेत. ते दिवसा पेटीत निजते आणि रात्री उठून जिवंत माणसाचे रक्त पिते. रिचर्ड बर्टनने १८७० मध्ये वेताळाच्या कथा इंग्रजीत आणल्या, तेव्हा त्याने वेताळाला खुशाल व्हँपायर म्हणून टाकले. पुढे १८९७ मध्ये ब्रॅम स्टोकरची ड्रॅक्युला ही कादंबरी आली आणि या पिशाचाला सरदारी किताब मिळाला. त्याला चेहरा आणि आवाज मिळावयाचा मात्र अजून बाकी होता. तो ज्याने दिला त्याचे हे चरित्र.

बेलाचा जन्म २० ऑक्टोबर १८८२ रोजी हंगेरीच्या राज्यातील लुगोश या गावी झाला. ते गाव आज रुमानियात आहे. घराण्याचे नाव ब्लाश्को. रंगभूमीवर आल्यावर त्याने गावावरून लुगोसी हे नाव घेतले. आपल्याकडे धारकर आणि देवासकर असतात, तसा हा लुगोशकर. जे गाव त्याने पोरवयात सोडले आणि जे पुढे त्याच्या देशातही राहिले नाही, त्याचे नाव तो मरेपर्यंत मिरवीत होता.

बाराव्या वर्षाच्या सुमारास त्याने शाळा आणि घर दोन्ही सोडले. खाणीत मजुरी केली, कारखान्यात हातोडा चालविला आणि अखेर एका फिरत्या नाटक मंडळीत शिरला. शिक्षण नाही, बोलणे गावंढळ. सुरुवातीस मिळत ती घोळक्यातली कामे. पण पोरगा चिकट होता. वाचून वाचून, ऐकून ऐकून त्याने भाषा सुधारली. १९१० च्या सुमारास सेगेद शहराच्या रंगभूमीवर तो शेक्सपिअरचा रोमिओ म्हणून उभा राहिला आणि १९१३ मध्ये बुडापेस्टच्या राष्ट्रीय नाट्यगृहात दाखल झाला. येशू ख्रिस्ताच्या वेषातले त्याचे एक छायाचित्र उपलब्ध आहे. लांब केस, शांत मुद्रा आणि डोळ्यांत करुणा. ज्या डोळ्यांना पुढे सारे जग भ्याले, ते डोळे हेच, हे पाहणाऱ्यास पटत नाही.

१९१४ मध्ये महायुद्ध पेटले. राष्ट्रीय नाट्यगृहाच्या नटांना लष्करातून सूट मिळू शके, तरीही बेला आपण होऊन सैन्यात गेला, जखमी झाला आणि १९१६ मध्ये परत आला. १९१९ मध्ये हंगेरीत बेला कुनची साम्यवादी राजवट आली, तेव्हा त्याने नटांची संघटना बांधण्यात पुढाकार घेतला. गरीब नटाला पोटभर अन्न मिळावे, एवढाच त्यातला त्याचा मतलब असावा असे वाटते. ती राजवट काही महिन्यांत कोसळली आणि नव्या सरकारच्या रोषाला भिऊन त्याला देश सोडावा लागला. आधी व्हिएन्ना, मग बर्लिन. नुकतीच लग्न झालेली पत्नी माहेरी परतली आणि घटस्फोट झाला. बर्लिनमध्ये त्याने मुर्नौ या दिग्दर्शकाच्या एका मूकपटात नोकराचे लहानसे काम केले. हाच मुर्नौ १९२२ मध्ये नोस्फेरातू हा पिशाचपट काढणार होता. स्टोकरच्या विधवा पत्नीची परवानगी न घेता काढल्यामुळे न्यायालयाने त्याच्या सर्व प्रती नष्ट करण्याचा हुकूम दिला. तरी काही प्रती वाचल्या आणि म्हणून तो आज आपणांस पाहता येतो.

१९२० च्या अखेरीस जहाजावर खलाशाचे काम करीत बेला अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या बंदरात उतरला. वय अडतीस आणि इंग्रजी शून्य. १९२२ मध्ये न्यूयॉर्कच्या एका नाटकात त्याला इंग्रजी भूमिका मिळाली, तेव्हा त्याने सारी भाषणे केवळ उच्चार ऐकून, अर्थ पुरता न कळता पाठ केली. आपल्याकडे मौंजीबंधन झालेला बटू संध्या पाठ करतो ना, तशी.

१९२७ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या फुल्टन नाट्यगृहात ड्रॅक्युलाचे नाटक लागले. तो प्रसिद्ध झगा मूळचा इंग्लंडातील नाटकातला. उंच कॉलर ठेवण्याचे कारण मोठे व्यवहारी होते. प्रेक्षकांकडे पाठ केली की नटाचे डोके कॉलरीत झाकले जाई आणि रंगमंचावरच्या चोरदारातून त्याला गुप्त होता येई. बेलाने तो झगा अंगावर घेतला मात्र, आणि त्या युक्तीचा राजवेष झाला. नाटकाचे २६१ प्रयोग झाले. परकी भाषा बोलताना तो प्रत्येक शब्दावर थांबे, स्वर लांबवी. तोच त्याचा दोष त्या भूमिकेत गुण ठरला. शेकडो वर्षे थडग्यात निजलेला सरदार आणखी कसा बोलणार?

युनिव्हर्सल कंपनीने बोलपट काढावयाचे ठरविले, तेव्हा तिच्या मनात लॉन चेनी हा नामांकित नट होता. तो १९३० च्या ऑगस्टमध्ये वारला. तरीही बेलाला सहजासहजी बोलावणे आले नाही. त्याने खटपट करून, आठवड्याला ५०० डॉलर अशा बेताच्या पगारावर सात आठवड्यांचे काम मिळविले. म्हणजे ज्या चित्रपटाने त्याला अमर केले, त्याचे त्याला एकूण साडेतीन हजार डॉलर मिळाले.

टॉड ब्राउनिंगने दिग्दर्शित केलेला तो चित्रपट १९३१ च्या फेब्रुवारीत लागला. आजच्या प्रेक्षकाला तो पाहून नवल वाटेल. त्यात सुळे दिसत नाहीत, रक्ताचे ओघळ नाहीत, पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. आहे तो एक जिना, कोळ्याचे जाळे, आणि मेणबत्ती हातात घेऊन पाहुण्याचे स्वागत करणारा एक माणूस. छायाचित्रकार कार्ल फ्रॉइंड याने त्याच्या डोळ्यांवर तेवढे प्रकाशाचे बारीक झोत टाकले होते. बाकी सारे काम बेलाच्या हातांनी आणि शांततेने केले आहे.

या चित्रपटाची एक गंमत आमच्या देवासकरांना विशेष रुचेल. देवास म्हणजे एक गाव आणि दोन गाद्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. १९४८ मध्ये संस्थाने विलीन होईपर्यंत एकाच गावात दोन राजे नांदले. ड्रॅक्युलाचेही तसेच झाले. दिवसा बेला आणि मंडळी इंग्रजी चित्रपट घेत. संध्याकाळी ती निघून गेली की त्याच वाड्यात, त्याच जिन्यावर स्पॅनिश भाषेतला दुसरा ड्रॅक्युला घेतला जाई. त्यात कार्लोस विलारियास हा नट होता. कॅमेऱ्याची हालचाल त्यात अधिक चांगली आहे, असे जाणकार म्हणतात आणि ते खरेही आहे. परंतु जगाने गादी दिली ती दिवसाच्या राजाला.

मी हा चित्रपट प्रथम पाहिला तो १९८६ मध्ये, देवासला, माझ्या भाड्याच्या खोलीत. व्हिडिओ भाड्याने आणला होता आणि कॅसेट इंदूरहून मागविली होती. सोबत धारेहून आलेले माझे मामा होते. मामा शाळेत इंग्रजी शिकवीत. तरुणपणी गणेशोत्सवात त्यांनी एकच प्याला नाटकात तळीरामाचे काम केले होते, आणि ते इतके रंगले की, दुसऱ्या दिवसापासून सारे गाव त्यांना तळीराम म्हणू लागले. मामांनी उभ्या जन्मात दारूच्या थेंबाला स्पर्श केला नव्हता. त्याआधी दोन वर्षे त्यांनी सुधाकर केला होता, त्याही आधी एका नाटकात ते श्रीकृष्ण झाले होते. पण ते कोणाच्या ध्यानात राहिले नाही. रस्त्याने जाताना पोरे आर्य मदिरा मंडळाच्या नावाने ओरडत. त्या पोरांत मीही होतो, हे आज लिहिताना मान खाली जाते. पुढे मामेबहिणीचे स्थळ पाहत असताना वरपक्षाच्या माणसांनी गावात चौकशी केली, तेव्हा कोणी गमतीने म्हणा की कुचाळकीने म्हणा, ते नाव सांगितले. ती सोयरीक मोडली. मामांनी त्यानंतर तोंडाला रंग लावला नाही.

त्या रात्री ड्रॅक्युला पाहताना मी भ्यायलो की नाही ते आठवत नाही. मामा काय म्हणाले ते मात्र आठवते. हा माणूस इंग्रजी बोलत नाही, म्हणत आहे, असे ते म्हणाले. आणि हा कुठेतरी नायकाची कामे केलेला नट आहे, कारण तो चालतो तेव्हा पायांना आपण पाहिले जात आहोत हे ठाऊक असते. बेलाच्या पूर्वायुष्याबद्दल आम्हां दोघांनाही तेव्हा काही माहीत नव्हते. पुढे ते वाचले, तेव्हा मामांची नजर किती अचूक होती ते कळले.

बेलाच्या आयुष्याचा उतार मात्र चढाला लागूनच सुरू झाला. ड्रॅक्युलाच्या यशानंतर कंपनीने त्याला फ्रँकेन्स्टाइनमधल्या राक्षसाच्या भूमिकेसाठी घेण्याचे ठरविले होते. ती भूमिका अखेर बोरिस कार्लोफकडे गेली. या कार्लोफचे खरे नाव विल्यम हेन्री प्रॅट. त्याचे वडील हिंदुस्थानात मिठाच्या महसूल खात्यात नोकरीला होते. १९३१ साल संपण्याच्या आत कार्लोफ मोठा झाला, आणि पुढे दोघे एकत्र आले तेव्हा बहुधा कार्लोफचेच नाव वर असे. बेला १९३२ मध्ये दिवाळखोर ठरला. हात सढळ, पाहुण्यांची वर्दळ, हंगेरियन मित्रांच्या मैफली. पैसा टिकणार कसा? १९३६ नंतर भयपटांचे पीकच आटले. १९३८ मध्ये मुलगा झाला, तेव्हा घर हातचे गेलेले होते आणि कलावंतांच्या मदतनिधीकडे हात पसरण्याची पाळी आली होती. त्याच वर्षी लॉस एंजेलिसमधील एका चित्रगृहाने जुना ड्रॅक्युला पुन्हा लावला. प्रेक्षकांची रीघ लागली आणि बेलाला पुन्हा बोलावणे आले. झग्यानेच मारले आणि झग्यानेच तारले.

१९३९ च्या सन ऑफ फ्रँकेन्स्टाइनमध्ये त्याने यगोर साकारला. फाशी देऊनही न मेलेला, मोडक्या मानेचा, दाढीवाला, लबाड आणि केविलवाणा. झग्याशिवाय हा नट काय करू शकतो हे पाहावयाचे असेल त्याने हा चित्रपट पाहावा. त्याच वर्षी ग्रेटा गार्बोच्या निनोच्कामध्ये त्याने रशियन अधिकाऱ्याचे छोटे, साधे काम केले. तसली कामे त्याला आणखी मिळाली असती तर! पण मिळाली नाहीत.

मला विचाराल तर माझी सर्वांत आवडती लुगोसीची भूमिका अवघ्या काही मिनिटांची आहे. १९४१ च्या डिसेंबरात द वुल्फ मॅन हा माणसाचा लांडगा होण्याचा चित्रपट लागला. त्याची कथा लिहिणारा कर्ट सिओडमाक हा हिटलरच्या राज्यातून निसटलेला ज्यू. पुढच्या बळीच्या तळहातावर लांडगा होणाऱ्याला एक चांदणी दिसते, ही कल्पना त्याची. ज्याच्या जातभाईंच्या छातीवर तसलीच चांदणी शिवली जात होती, त्याला ती सुचावी यात नवल ते काय! नायक होता लॉन चेनीचा मुलगा. त्याला चावणारा, म्हणजे ज्याच्यापासून हा शाप त्याला जडतो तो जिप्सी ज्योतिषी, म्हणजे आपला बेला. पात्राचे नावही बेलाच ठेवले आहे. एक हसरी मुलगी त्याच्यापुढे हात पसरते. त्याला तिच्या तळहातावर चांदणी दिसते. आज रात्री आपल्याच हातून हिचा जीव जाणार हे त्याला कळते, आणि तो घाबरून तिला तेथून पळून जावयास सांगतो. त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर जे दिसते ते पिशाच नव्हे. आपल्या आत काय आहे हे जाणणारा आणि त्याच्यापासून दुसऱ्याला वाचवू पाहणारा तो माणूस आहे. सारे भयपट एका पारड्यात घातले तरी ती मुद्रा दुसऱ्या पारड्यात जड भरेल.

१९४८ मध्ये ॲबट आणि कॉस्टेलो या विनोदी जोडीच्या चित्रपटात बेला पडद्यावर पुन्हा एकदा काउंट ड्रॅक्युला झाला. ड्रॅक्युलाचे काम त्याने चित्रपटात दोनदाच केले, हे पुष्कळांना ठाऊक नसते. या चित्रपटात वुल्फ मॅनही आहे. शेवटी लांडगा वटवाघळाला पकडतो आणि दोघेही समुद्रात कोसळतात. सभोवती हशा पिकत असताना बेला मात्र आपले काम गंभीरपणे, जणू राष्ट्रीय नाट्यगृहात उभा असल्यासारखे करतो. म्हणूनच तो विनोद साधला आहे.

यानंतर कामे सुटत गेली. पायाच्या शिरेच्या असह्य दुखण्यावर डॉक्टरांनी दिलेल्या मॉर्फिनचे व्यसन लागून बरीच वर्षे झाली होती. १९५३ मध्ये वीस वर्षांचा संसार मोडला. एड वुड नावाचा एक हौशी, निर्धन दिग्दर्शक तेवढा काम देई. अखेर १९५५ च्या एप्रिलमध्ये, बहात्तर वर्षांचा बेला आपल्या पायांनी सरकारी यंत्रणेपुढे गेला आणि मला व्यसन जडले आहे, मला बरे करा, अशी त्याने विनवणी केली. वृत्तपत्रांनी त्याची अस्थिपंजर छायाचित्रे छापली. त्या काळी नामांकित नटाने असे उघड कबूल करणे ही मोठी धिटाई होती. मला त्यात तो जिप्सी ज्योतिषी दिसतो. आपल्या आतला लांडगा ओळखून दार लावून घ्या म्हणणारा. तीन महिन्यांहून अधिक काळ नॉरवॉकच्या इस्पितळात राहून तो बाहेर आला, पाचवे लग्न केले, पुन्हा कामाच्या गोष्टी बोलू लागला. पण दिवस उरले नव्हते. १६ ऑगस्ट १९५६ रोजी लॉस एंजेलिस येथील घरी हृदयक्रिया बंद पडून तो वारला. कुटुंबियांनी त्याला ड्रॅक्युलाच्या झग्यातच पुरले.

मेल्यावरही सुटका नव्हती. एड वुडने आधी घेतलेली बेलाची थोडी मूक दृश्ये एका चित्रपटात जोडली आणि उरलेल्या जागी झग्याने तोंड झाकून दुसराच माणूस उभा केला. झगा असला की पुरे, आत कोण आहे हे पाहावयाचे कारण नाही! पुढे बेलाचा मुलगा वकील झाला. बापाचे ड्रॅक्युलाच्या वेषातील रूप छापून कंपनी पैसा मिळविते, त्यात वारसांचा हक्क नाही काय, असा दावा कुटुंबाने लावला. १९७९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, आपल्या चेहऱ्यावरचा असा हक्क नटाबरोबरच संपतो. काही वर्षांनी तेथील कायदेमंडळाने कायदा करून मृत कलावंतांच्या वारसांना तो हक्क दिला. बेलाचे जीवन रंगविणाऱ्या एड वुड या १९९४ च्या चित्रपटात मार्टिन लँडाउने त्याची भूमिका केली आणि ऑस्कर मिळविले. जो सन्मान बेलाच्या वाट्यास कधी आला नाही, तो बेलाचे सोंग घेणाऱ्यास मिळाला.

मामा गेले त्या दिवशी धारेस स्मशानात बरीच माणसे जमली होती. जुन्यांपैकी कोणीतरी हळहळत म्हणाले की तळीराम गेला. मनात वाईट काही नव्हते, मायाच होती. मी मात्र पुढे झालो आणि जमलेल्या तरुण मंडळींना सांगितले की, यांनी श्रीकृष्ण केला होता, सुधाकर केला होता, आणि तीस वर्षे मुलांना इंग्रजी शिकविले होते. माझा आवाज चढला असावा, कारण काही वेळ कोणी बोलले नाही. पोरपणी मारलेल्या हाकांची ती फेड होती. फार उशिरा झालेली, पण झाली.

आता ड्रॅक्युला पाहणे कठीण राहिलेले नाही, घरबसल्या मिळतो. नातवंडे तो लावतात आणि यात भीती कसली म्हणून हसतात. मी त्यांना हसू देतो. मग लुगोश नावाच्या गावातून निघालेल्या आणि रोमिओ झालेल्या त्या मुलाची हकीकत सांगतो, आणि चित्रपट पुन्हा पहिल्यापासून लावतो. जिन्यावरून मेणबत्ती घेऊन तो उतरू लागला की ती आता झग्याकडे पाहत नाहीत. त्याच्या पायांकडे पाहतात.